एक भागिले बाई

आमच्या बाईंना कुठलाही आकडा एकटा राहिलेला खपत नसे. फळ्यावर चार लिहिला की शेजारी लगेच एक छेद चार यायचा. अर्धा लिहिला की शेजारी दोन. दहा लिहिला की शून्य पूर्णांक एक. हिशेबात त्याचं काही काम असो वा नसो. कुणी विचारलंच, तर खडूची बोटं पदराला पुसत बाई म्हणायच्या, "अगं, माणूस पुढून बघितला की पाठीमागूनही बघून घ्यावा. नाहीतर जत्रेत हरवला की ओळखणार कसा?" विज्ञान आणि गणित असे दोन्ही विषय त्यांच्याकडे होते, आणि तास कुठलाही असला तरी "एक भागिले" हे शब्द त्यांच्या तोंडून आल्याशिवाय राहत नसत. त्यामुळे आमचं सगळं लोणी भापकर गाव त्यांना 'एक भागिले बाई' म्हणायचं. बाई वडगाव निंबाळकरहून एसटीने यायच्या. संध्याकाळी गाडी निघताना कंडक्टर ओरडायचा, "अय, एक भागिले बाई बसल्या का बघा रं, न्हायतर ऱ्हात्याल मागं!" बाई खिडकीशी बसून हसायच्या. या नावाचा त्यांना कधी राग आला नाही.

मी सगुणा, त्यांची विद्यार्थिनी. आजोबांच्या काळात आमच्या घरी मेंढरांचा मोठा कळप होता; आबांच्या, म्हणजे वडिलांच्या हातात आला तोवर चार-दोन मेंढरं, म्हशी आणि थोडी बागायत एवढंच उरलं. आज बारामतीत माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासते, नंबर काढते, आणि "आता बरं दिसतं का मघाशी?" असं दिवसभर विचारून माझी जीभ झिजलेली आहे. यंदाच्या उन्हाळ्यात खुद्द बाईंचा मोतीबिंदू काढायचं ठरलं. डोळ्यात नवं भिंग बसवायचं होतं, आणि जवळचं दिसणारं बसवायचं की लांबचं दिसणारं, हे बाईंनी सांगायचं होतं. भिंग एकदा आत बसलं की बसलं. उरलेलं आयुष्य त्यांना उघड्या डोळ्यांनी काय स्वच्छ दिसणार, हे त्या एका उत्तरावर ठरणार होतं. ते उत्तर द्यायला बाईंनी आमचा जीव नुसता टांगणीला लावला. पण त्यांनी जे उत्तर दिलं, ते कळायला आधी बाई कळायला हव्यात.

अंगाने किडकिडीत, सुती साडी, खांद्याला कातडी पिशवी आणि हातात लाकडी मीटरपट्टी, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या बसवलेली. बाकीच्या शिक्षकांच्या हातातल्या पट्ट्या कशासाठी असतात हे आमच्या तळहातांना चांगलं ठाऊक होतं. बाईंनी ती पट्टी कुणावर उगारली नाही. एकदा हेडमास्तर म्हणाले, "बाई, जरा धाक ठेवा पोरांना." तर या म्हणाल्या, "सर, पट्टीने मारलं की ती हळूहळू वाकते. मग मोजमाप चुकतं." हेडमास्तर आपले चहा प्यायला गेले.

वर्गात बसून शिकवणं बाईंच्या अंगात नव्हतं. शाळेच्या पलीकडे रस्त्याला मोठा चढ होता, आणि हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत तिथून जायचे. एकदा असाच एक ट्रॅक्टर घरघरत चढाला लागला आणि बाईंनी अख्खा वर्ग कुंपणाशी नेला. "ऐका. त्याने गिअर खाली घेतला. आता तो गोगलगायीसारखा चालेल. पण ओढ बघा किती वाढली! इंजिन तेच आहे, देऊन देऊन तेवढंच देणार. वेग हवा असेल तर जोर सोडा, जोर हवा असेल तर वेग सोडा. दोघांचा गुणाकार हलत नाही." एवढ्यात ट्रॅक्टर चढाच्या ऐन मध्यावर थांबला. ड्रायव्हर ओरडला, "बाई, ढकलाया पोरं पाठवा की!" बाई तिथूनच म्हणाल्या, "पोरं कशाला? आणखी एक गिअर खाली घ्या!" ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. "आता खाली घ्यायला हायच काय, बाई? पयलाच हाय!" सगळा वर्ग खो-खो हसला, आणि आमच्यापेक्षा जास्त बाई हसल्या. शेवटी मोठ्या पोरांनी मागून जोर लावला तेव्हा कुठे ते धूड वर गेलं. परत येताना बाई म्हणाल्या, "गुणाकार अपुरा पडला की माणसं लागतात."

'गुणाकार हलत नाही' हे त्यांचं आवडतं वाक्य. शाळेच्या बागेत पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "वाट निम्मी केली, पाणी दुप्पट पळालं." गावातल्या पिठाच्या गिरणीचं इंजिन पुक-पुक करायचं, ते ऐकवून म्हणायच्या, "दोन ठोक्यांमधला वेळ निम्मा झाला की मिनिटातले ठोके दुप्पट. एक सांग, दुसरं मी न मोजता सांगते." मला तर त्या वयात हे जादूटोण्यासारखं वाटायचं. जगात इतक्या गोष्टी जोडीजोडीने बांधलेल्या आहेत, एक वर गेली की दुसरी बरोब्बर तेवढी खाली येते, आणि हे सगळं कुणी न सांगता, न चुकता चाललेलं असतं! रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी त्यावर विचार करायची आणि अंगावर काटा यायचा. आजही येतो, खोटं कशाला सांगू.

पण एक गंमत होती. बाईंनी दाखवलेलं हे सगळं मी ऐकलं होतं. पाहिलं नव्हतं. तो चढावरचा ट्रॅक्टर माझ्यासाठी आवाज करणारा एक हिरवट डोंगर होता. फळा म्हणजे काळं पाणी. मला वाटायचं, जग असंच असतं आणि सगळ्यांना असंच दिसतं. मेंढरं राखायला गेले की घोटाळे व्हायचे. एकदा बांधावर कोकरू राहिलं म्हणून मी "ये ये" करत हाका मारत गेले, जवळ जाऊन बघते तर खताची रिकामी गोणी. तो किस्सा आमच्या आळीत वर्षभर पुरला. रस्त्यात समोरून कुणी वडीलधारं आलं तरी मी तोंड वर करून बोलायची नाही, कारण आलंय कोण तेच कळायचं नाही. मग आईकडे तक्रारी यायच्या, "तुमची सगुणा लई शिष्ट हाय. वळख दाखवत न्हाय." शाळेत मठ्ठ, गावात शिष्ट आणि रानात येडी, अशा तिन्ही पदव्या मला एकदमच मिळाल्या होत्या. आठवीत सहामाहीला मी चार विषयांत उडाले, तेव्हा आबांनी जेवताना सांगून टाकलं, "औंदा नापास झाली तर बास झाली शाळा. घरी म्हशी हायत." आबा वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की पोरीच्या डोक्यात काही शिरत नाही, तर उगा तिचे हाल कशाला.

बाईंना संशय आला तो माझ्या नाकावरून. एके दिवशी त्यांनी मला टेबलाशी बोलावलं आणि विचारलं, "तुझ्या नाकाच्या शेंड्याला रोज शाई कशी गं लागते?" मी वहीत इतकं वाकून लिहायची की ओली अक्षरं नाकाला पुसली जायची. बाईंनी मीटरपट्टीचं एक टोक माझ्या डोळ्याखाली हाडावर टेकवलं, पट्टीवर पुस्तक उभं धरलं आणि हळूहळू लांब सरकवू लागल्या. "अक्षर विस्कटलं की सांग." मी लगेचच सांगितलं. त्यांना पटेना. पुन्हा केलं, मग दुसऱ्या डोळ्याला केलं. दर वेळी पुस्तक एकाच जागी थांबत होतं. बाईंनी वाकून आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा कसा झाला ते मला अर्थातच दिसलं नाही. आवाज मात्र बदललेला ऐकू आला. "वीस सेंटिमीटर. सगुणा, तुझं सगळं जग वीस सेंटिमीटरचं आहे गं."

मग त्यांनी माझ्या हातात खडू दिला. "मीटरमध्ये किती झाले?" मी म्हटलं, शून्य पूर्णांक दोन. "आता उलट कर. एक भागिले." फळ्याला नाक लावून मी भागाकार केला. उत्तर आलं पाच. बाई म्हणाल्या, "हा तुझ्या चष्म्याचा नंबर. उणे पाच. अंतर जितकं कमी, नंबर तितका जास्त. तू मठ्ठ नाहीस. तुझं फक्त अंतर कमी पडलंय." मी त्या पाचाकडे बघतच राहिले. माझ्या डोळ्यातला दोष, जो मला स्वतःला माहीत नव्हता, तो मी माझ्याच हाताने भागाकार करून बाहेर काढला होता! त्या दिवशी कुणी मला देव दाखवला असता तरी इतकं नवल वाटलं नसतं.

आबांना शाळेत बोलावणं गेलं. ते आले ते थेट नदीवरून. भावकीतल्या एका चुलत्यांचा त्या सकाळी दहावा होता. डोक्याला पटका तसाच, आणि आल्या आल्या हात जोडून म्हणाले, "बाई, तुमी सांगताय ते खरं आसंल. पर पोरीची जात हाय. डोळ्याला काच लावल्यावर सोयरीक कोण करंल हिच्याशी? आमच्यात तर कुणालाच चष्मा न्हाय. आन् एकदा लावला की नंबर वाढतच जातो म्हनं."

बाईंनी वाद घातला नाही. आबांना माझ्यासमोर उभं केलं, मीटरपट्टीचं एक टोक माझ्या गालाला आणि दुसरं आबांच्या तोंडाजवळ धरलं. बरोबर एक मीटर. "सगुणा, आबांच्या तोंडावर काय काय दिसतं ते सांग." मला समोर एक सावळा गोळा दिसत होता. पण आबांचं तोंड काय मला माहीत नव्हतं? मी धडाधडा सांगितलं, "नाक हाय, मिशी हाय. चांगली पिळदार हाय."

बाईंनी पट्टी हळूच खाली घेतली. मला वाटलं, पिळदार म्हटलेलं आबांना आवडलं नाही. मग आबांचा हात वर गेला आणि ओठावर फिरला. दहाव्याला त्यांनी मिशी उतरवली होती. त्या सकाळीच. "बाई," आबा म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "माजं तोंड दिसत न्हाय व्हय गं तुला?" एवढंच विचारलं, आणि ते वर्गाच्या उंबऱ्यातच खाली बसले. सोयरिकीचा विषय त्यानंतर आमच्या घरात कुणी काढला नाही.

बारामतीला डॉक्टरांनी मशीनवर तपासलं आणि म्हणाले, "उणे पाच." आबा ताठ बसून म्हणाले, "आमच्या बाईंनी पट्टीवर पाचच काढला व्हता." डॉक्टर हसले. "मग बरोबरच काढला असणार. आमच्या मशीनच्या पोटातही तोच नियम आहे." चष्मा डोळ्यावर चढला तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की झाडाला पानं सुटी सुटी असतात. एसटीत मी खिडकीला चिकटून बसले होते आणि दिसेल ते मोठ्याने वाचत होते, दुकानांच्या पाट्या, दगडावरचे किलोमीटर, भिंतीवरच्या खताच्या जाहिराती. आबा लोकांकडे बघून ओशाळं हसत होते, पण मला गप्प बस म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले आणि बाईंकडे बघितलं. इतकी वर्षं ज्यांचा फक्त आवाज आणि साडीचा रंग मला माहीत होता, त्या बाई एकदम सगळ्याच्या सगळ्या समोर उभ्या राहिल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, तुमच्या तोंडावर देवीचे वण हायत!" मी जीभ चावली. बाईंनी दोन्ही गालांवर हात ठेवले आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं. "आहेत गं आहेत. लहानपणापासूनचे आहेत. सगळं गाव बघून न बघितल्यासारखं करतं. तू चोरी पकडलीस." त्या दिवसापासून त्यांचा माझा स्नेह जडला. त्या वर्षी मी पास झाले, आणि म्हशींना माझी वाट बघावी लागली ती कायमचीच.

स्नेह जडला म्हणून सांगते, बाईंचा हा नियम सगळीकडे चालायचा असं नाही. स्वयंपाकात तर मुळीच नाही. एकदा मी वडगावला त्यांच्या घरी गेले होते. बाईंनी भात टाकला आणि म्हणाल्या, "आच दुप्पट केली, म्हणजे वेळ निम्मा." निम्म्या वेळात घरभर धूर. भात खाली कोळसा आणि वर कच्चा. बाई पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "भाताने शाळा केलेली दिसत नाही." मग आम्ही शेंगदाण्याची चटणी आणि शिळी भाकरी खाल्ली. खाताना त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "सगुणा, कुठला नियम कुठं लागतो हे कळणं, हा नियमापेक्षा मोठा अभ्यास आहे. मला तो अजून पुरता जमलेला नाही." चूक झाली की बाई ती अशी उजेडात धरून बघायच्या. मला वाटतं, मी त्यांना देव मानता मानता वाचले ती त्या भातामुळे.

पुढे मी डोळे तपासण्याचं शिक्षण घेतलं, ते का, हे वेगळं सांगायला नको. बाई निवृत्त होऊन इंदापूरला भावाच्या घराशेजारी दोन खोल्यांत राहायला गेल्या. जाताना मीटरपट्टी मला देऊन गेल्या. ती माझ्या दुकानात आरशाशेजारी उभी असते. इंदापूरच्या गच्चीवरून लांबवर उजनी धरणाच्या पाण्याची रेघ दिसते, आणि थंडीत भाचा गाडीवरून पाण्याकाठी नेई, तेव्हा बाई रोहित पक्षी बघत तास तास उभ्या राहत. फोनवर मला सांगायच्या, "अगं, पाण्यात पाय, पायाखाली पुन्हा तोच पक्षी उलटा. एक भागिले रोहित!"

यंदा उन्हाळा लागता लागता मी त्यांना भेटायला गेले. फाटकातून आत शिरले तर बाई ओट्यावरून म्हणाल्या, "कोण, शेवंता का? आज दूध लवकर आणलंस." शेवंता म्हणजे त्यांची दूधवाली. मी तिथेच थबकले. मी बोलल्यावर त्यांनी आवाज ओळखला आणि सारवासारव केली, उन्हामुळे दिसलं नाही म्हणाल्या. मग मोठ्या उत्साहाने पेपर उघडून मला बारीक टायपातल्या जाहिराती वाचून दाखवल्या. बिनचष्म्याने! "बघ! चाळिशीत लागलेला वाचायचा चष्मा सत्तरीत सुटला. डोळ्यांनी वय उलटं फिरवलंय माझं." शेजारीपाजारी सगळ्यांना त्यांनी ही गंमत सांगितली होती, आणि सगळ्यांनी कौतुकही केलं होतं.

मला मात्र कौतुक वाटेना. हे असं म्हातारपणी अचानक वाचता येऊ लागणं आमच्या धंद्यातल्या माणसाला बरोबर कळतं. मोतीबिंदू धरू लागला की कधी कधी डोळ्यातलं भिंग घट्ट होतं, जवळचं दिसू लागतं, आणि त्याच मापाने लांबचं जातं. मी काही न बोलता पेपर त्यांच्या हातून घेतला आणि हळूहळू लांब नेला. हाताच्या अंतराच्या आतच त्या म्हणाल्या, "विस्कटलं." मग माझ्याकडे न बघता स्वतःच म्हणाल्या, "अर्धा मीटर. उलट केलं की दोन. दिवाळीत एक होता."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" माझा पारा चढला. "तुम्ही मोजत बसलात, आणि मला एक फोन नाही? रस्त्यात एखादी गाडी आली असती म्हणजे? मला दाराशी ओळखलं नाहीत तुम्ही!" मी बाईंवर आवाज चढवला तो आयुष्यात पहिल्यांदाच. बाई पेपरची घडी घालत राहिल्या. घडी नीट बसेना. "भीती वाटते गं सगुणा," त्या म्हणाल्या. "सगळ्या मुलांचं मोजलं, तेव्हा काही वाटलं नाही. स्वतःचं मोजताना हात कापतो." मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात धरला. राग कुठल्या कुठे गेला.

बारामतीला माझ्या ओळखीच्या सर्जनबाईंकडे दाखवलं. त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. भिंगाचा नंबर आपण निवडायचा. लांबचं निवडलं तर वाचायला चष्मा, जवळचं निवडलं तर फिरायला चष्मा. दोन्ही दिसेल असंही भिंग मिळतं. बाईंनी लगेच विचारलं, "त्यात उजेड दोघांत वाटला जात असेल ना?" सर्जनबाई म्हणाल्या, हो, थोडा वाटला जातो. "मग नको. इतक्या वर्षांनी निम्म्या उजेडात काय बघायचं?" आता उरलं जवळ की लांब. मी सारखी मागे लागले, लांबचं घ्या. रस्ता ओलांडता येईल, जिना दिसेल, रोहित दिसतील. भाच्याचं म्हणणं, आत्याचा जीव वाचनात, जवळचं घ्या. बाई दोघांचं ऐकायच्या आणि म्हणायच्या, "मला विचार करू दे." माझ्या घरी राहायला आल्या होत्या. सकाळी चहा घेतानाही विचार, संध्याकाळी दुकानात येऊन बसल्या तरी विचार. गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडे टक लावून बघत बसायच्या. मी म्हणायची, बाई, माणूस लाजतो. तर म्हणायच्या, "मला कुठं दिसतोय तो? मी फक्त तो कुठं उभा राहतो ते बघतेय."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनबाईंनी विचारलं, "मग काय ठरलं? जवळ की लांब?"

"एक मीटर," बाई म्हणाल्या.

सर्जनबाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. जवळचं म्हणजे पुस्तकाएवढं, लांबचं म्हणजे रस्त्यापलीकडचं. एक मीटरचं अंतर सहसा कुणी मागत नाही. मीही गोंधळले. "बाई, एक मीटरवर असतं काय?"

बाईंनी माझ्याकडे तोंड वळवलं. "तुझ्या आबांना उभं केलं होतं ना, तेवढ्यावर माणूस असतो. दारात आलेला, बोलायला थांबलेला, शेजारी येऊन बसलेला. तुझ्या दुकानातही गिऱ्हाईक तेवढ्यावरच उभं राहतं, आठवडाभर बघितलं मी. रोहित चष्म्यातून बघीन. पेपर चष्म्यातून वाचीन. ते दोघं थांबतात. पण माणूस दारात आला की मला चष्मा शोधत बसायचं नाही. तू दारात उभी राहिलीस आणि मी तुला शेवंता म्हटलं, ते मला पुन्हा होऊ द्यायचं नाही." मग वर्गात म्हणायच्या तशाच म्हणाल्या, "आणि एक भागिले एक किती? एकच. तो एकटाच असा आहे, की उलटा केला तरी तोच राहतो."

सर्जनबाईंनी मान डोलावली. हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, अगदी काट्यावर येईल असं सांगता येत नाही, पण प्रयत्न करते. मी खिडकीकडे तोंड करून उभी होते. लांबच्या भिंगासाठी मी इतके दिवस किती अक्कल पाजळली होती! डोळे तपासण्यात माझी वर्षं गेली, पण डोळे कशासाठी हवेत, हा प्रश्न मी कुणालाच कधी विचारला नव्हता. त्या दिवसापासून दर गिऱ्हाइकाला विचारते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यावरची पट्टी सोडायची होती. मी दुकानातून मीटरपट्टी घेऊन गेले. दवाखान्यातले लोक माझ्याकडे बघत होते, बघू देत. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. पट्टी निघाली. त्यांनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पितळेचं एक टोक त्यांच्या गालाजवळ, एक माझ्या गालाशी धरलं. नंबर चुकला असेल तर? भिंग काही पुन्हा बदलणार नव्हतं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. कपाळ, भुवया, गाल, एकेक करत सावकाश. आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात म्हणतात, वय वाढलं तशी मी त्यांच्यावर गेले. मला स्वतःला ते कधी पटलं नव्हतं.

"अगं," बाई म्हणाल्या, "हुबेहूब आबा. फक्त मिशी तेवढी नाही."

मी हसायला गेले आणि रडायलाच लागले. चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा घातला. बाई तिथेच होत्या, एका मीटरवर, अजून माझ्याकडे बघत.